चपलांच्या कपाटातला सर्व्हर

माझा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि घरी आला की सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर म्हणजे एक जुना कॉम्प्युटर. तो आमच्या चपलांच्या कपाटात राहतो आणि चपला दाराबाहेर. सगळ्या कुटुंबाचे फोटो त्याच्यावर आहेत, कारण परक्या कंपनीकडे आपले फोटो ठेवायचे नाहीत, हा साहेबांचा हट्ट. प्रत्येकाचं वेगळं खातं, वेगळा पासवर्ड. आपण ज्याला परवानगी देऊ त्यालाच आपले फोटो दिसणार.

पासवर्ड विसरला की नवा ठेवण्यासाठी ईमेलवर एक आकडा यायचा. यायचा म्हणजे यायला हवा होता. घरच्या सर्व्हरची मेल लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडायची आणि नेमकं आम्ही जेवायला बसलो की कोणीतरी फोन करायचं. शेवटी वैतागून नवऱ्याने तो आकडा थेट स्क्रीनवरच दाखवायला सुरुवात केली. फोन बंद झाले. कुलपाची किल्ली कुलपालाच टांगून हा माणूस आठवडाभर मिशीतल्या मिशीत हसत होता.

मग फोन पुन्हा सुरू झाले. नणंदेचा पासवर्ड आपोआप बदलला, मग भाच्याचा, मग खुद्द थोरल्या दिरांचा, तोही पुन्हा पुन्हा. दीर आधीपासूनच या डब्यावर खार खाऊन होते. "रविवारपर्यंत चोर सापडला नाही तर आम्ही सगळे आपापले फोटो काढून घेणार. तो डबा मग भंगारात टाक," असं त्यांनी ठणकावलं. नवऱ्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. काही म्हणा, त्या डब्यात त्याचा जीव होता. मला त्याची दया आली.

शनिवारी त्याने सर्व्हरच्या नोंदी उपसल्या. चोर परदेशातला असणार याची त्याला खात्री होती. नोंदींत पत्ता निघाला आमच्याच घरचा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो मुकाट्याने सासूबाईंच्या खोलीत गेला.

सासूबाई टॅबलेट घेऊन पलंगावर बसल्या होत्या.

"आई, तू दादाच्या खात्यात शिरतेस?"

"हो. नाव टाकलं की आकडा समोरच येतो. मला वाटलं, तू माझी सोय करून ठेवलीस."

"अगं, पण तुझं स्वतःचं खातं आहे ना?"

"आहे की. उघडून बघ."

त्याने उघडलं. आत एकही फोटो नव्हता. त्यांना कोणीच परवानगी दिली नव्हती, आम्हीसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं.

नवऱ्याने आधी ते भगदाड बुजवलं, आकडा पुन्हा मेलच्या वाटेला लावला आणि मग दिरांना फोन केला.

"सापडला का चोर?"

"सापडला. आई आहे. तुझ्या नातीचे फोटो बघायला यायची."

"आई?" दिरांनी विचारलं.

"आता वाट बंद केली आहे," नवरा म्हणाला. "तू परवानगी दिलीस तरच तिला दिसतील."

"देतो की," दीर हळूच म्हणाले. "पण माझा पासवर्ड सध्या काय आहे, ते जरा आईला विचार."