एका पेल्यासाठी मुळेकाठी

ज्या गावाबद्दल लिहिते आहे ते आता मुळा धरणाच्या पाण्याखाली आहे. तेव्हा रस्ता सांगून तसा उपयोग नाही, तरी सांगते. धरणाच्या भिंतीवर उभं राहून मावळत्या उन्हाचे फोटो काढणाऱ्यांनी निदान पायाखाली काय आहे ते ऐकावं.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि साखर अजून रेशनवर मिळत होती. मी नगरला एका मिशन दवाखान्यात नर्स होते. एका दुपारी त्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक वॉर्डाच्या दाराशी येऊन उभे राहिले. माझा थोरला भाऊ शांतवन त्यांच्या गावी शाळामास्तर होता. दादाला क्षय झालाय हे मला ठाऊक होतं. त्याच्या छातीचा फोटो मीच उजेडाला धरून पाहिला होता. दूध, अंडी, विश्रांती आणि मोकळी हवा, याखेरीज तेव्हा आमच्याकडे त्यावर काही नव्हतं.

पाळकांनी आणलेली बातमी वेगळी होती. तिथल्या मंडळीत प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीने घ्यायच्या द्राक्षरसाचा, एकच पितळी पेला हातोहात फिरायचा. दोन घरं म्हणाली, आमची पोरं लहान आहेत, मास्तरांच्या मागून पेला नको. बाकीचे चिडले. ज्यांच्या आज्याला पाणवठ्यावर उभं केलं नाही, त्यांनी आपल्यातल्याच एकाला बाजूला काढायचं? भांडण पेटलं, तेव्हा दादा आपणच उठला आणि देवळाच्या उंबऱ्याबाहेर बसू लागला. कित्येक महिने त्याने प्रभुभोजन घेतलं नव्हतं.

"तुम्ही नर्स आहात, तुमचं ऐकतील. खरं काय ते येऊन सांगा," पाळक म्हणाले.

"आणि विश्वासाचं काय?"

"ते मी बघतो. पण खोट्यावर विश्वास उभा राहत नाही, बाई."

मला माणूस आवडला. मेट्रनची परवानगी काढून मी औषधाचे छोटे काचेचे पेले उसने घेतले, टॉवेलात गुंडाळले आणि शनिवारी पहाटेची मनमाडकडे जाणारी गाडी धरली. प्रत्येकाला आपला पेला दिला की प्रश्न मिटला, असा माझा हिशेब होता.

तिसऱ्या वर्गाच्या डब्यात खिडकी मिळाली तर ती सोडू नका, हा सल्ला तेव्हाही खरा होता. थंडीचे दिवस होते. वांबोरीच्या आसपास धुकं इतकं दाट होतं की गाडी चालते आहे की जमीनच मागे सरकते आहे ते कळेना. मधेच एखादं बाभळीचं झाड यायचं आणि विरघळून जायचं. शेजारी बोरांची पाटी घेऊन एक मुसलमान बाई बसल्या होत्या.

"बाई, गठुड्यात काय किनकिन वाजतंय? बांगड्या हायेत व्हय?"

"औषधाचे पेले आहेत."

"मग जपून न्या," त्या म्हणाल्या आणि माझ्या ओंजळीत बोरं ओतली. पैसे घेईनात.

राहुरी स्टेशनवर राहेलमावशी बैलगाडी घेऊन आल्या होत्या. या दादाच्या शेजारीण. त्याला दोन्ही वेळची भाकर त्याच घालत आणि त्याचे कपडेही त्याच धूत. रस्ता राहुरी गावापर्यंत बरा होता, पुढे नदीच्या अंगाने नुसती चाकोरी. अर्धा दिवस मोडतो, पण घाई असलेल्याने बैलगाडीत बसूच नये. वाटेत गुऱ्हाळ लागलं. तिथे थांबून ताज्या काकवीबरोबर बाजरीची भाकरी खाल्ली. रेशनच्या साखरेची आठवणसुद्धा झाली नाही.

पुढे मुळा दिसू लागली. संथ, हिरवट पाणी, काठावर बगळे. कडब्यावर पडल्या पडल्या मला डुलकी लागायची, डोळे उघडावेत तर तेच पाणी आणि तेच बगळे. आपण गावाला कधी पोचूच नये असं मला फार वाटलं, कारण पोचल्यावर बोलायचं होतं.

दादा ओट्यावर उन्हात बसला होता. सदरा अंगावर लोंबत होता. त्याने माझं गाठोडं उघडून एक पेला उन्हात धरला आणि हसला. "मंडळीला डोस देणार काय, रत्ना?"

संध्याकाळी मंडळी देवळात जमली. देऊळ कसलं, मातीच्या भिंतींचं एक लांबट घर. मी क्षय कसा पसरतो ते सांगितलं. एक म्हातारबुवा म्हणाले, "इस्वास असला मंजी काय हुतंय?"

"विश्वास मलाही आहे, बाबा. जंतूंना नाही."

लोक हसले. मला वाटलं, जिंकले. मग राहेलमावशी उठल्या.

"माज्या सासूला पानी वरून वाढायचे, वंजळीत. भांड्याला हात लावू देत नव्हते. एका पेल्यापायी आमची मानसं या धर्मात आली. आन तू आता परत्येकाला येगळा पेला आनलास?"

त्या जे सांगत होत्या तेही खरंच होतं, आणि ते कुठल्याही छातीच्या फोटोत दिसत नाही.

उत्तर दादाने दिलं, दाराबाहेरून. "मावशी, सगळ्यांनाच वेगळा असला, तर वेगळा कोणीच नाही. मला आत येऊन बसू दे."

मग पाळकांनी प्रार्थना करून सभा संपवली.

रविवारी सकाळी दादा आत बसला. पुरुषांच्या बाजूला, शेवटच्या ओळीत. दाराच्या झापातून उन्हाच्या पट्ट्या आत येत होत्या आणि त्यांत धूळ तरंगत होती. पाळकांनी आधी भाकर मोडून वाटली. मग मनुका भिजवून काढलेला रस त्या जुन्या पितळी पेल्यातूनच सगळ्यांच्या पेल्यांत ओतला. काचेतून लाल उजेड लोकांच्या हातांवर पडत होता. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या उपासनांत ती मला सर्वांत सुंदर वाटते.

राहेलमावशींनी पेला घेतला नाही. त्या बायकांतून उठल्या, पुरुषांच्या बाजूला दादाजवळ जाऊन बसल्या आणि हात पुढे केला.

"मास्तर, तुज्या पेल्यातला एक घोट ऱ्हाऊ दे. मी त्यातच घेनार."

दादाच्या हातात पेला अर्धा होता. पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्धवट उठले. नको म्हणणार होते, पण नजर त्या हातावर अडली.

दादाने मान मागे टाकली आणि पेला रिकामा केला. शेवटचा थेंबही जिभेवर घेतला, पेला उपरण्याने पुसला आणि खिशात घातला.

"एक घोट न्हाई ठिवला," मावशी म्हणाल्या.

"नाही ठेवला, मावशी."

मग त्याला खोकल्याची उबळ आली. मावशी त्याची पाठ चोळत राहिल्या. पाळकांनी त्यांच्यासाठी दुसरा पेला आणला, तो त्यांनी रडत रडत घेतला.

दुपारी निघताना मी मावशींना दादाची भांडी वेगळी कशी उकळायची ते दाखवलं. त्यांनी एकेक गोष्ट दोनदा विचारून घेतली. दादा मला गाडीतून नदीच्या वळणापर्यंत पोचवायला आला.

"अखेर माझंच ऐकलंस ना?" मी म्हणाले.

"तुझं ऐकलं म्हणून नाही." तो पाण्याकडे बघत होता. "क्षणभर वाटलं होतं, पिऊ द्यावं तिला. ती प्याली असती तर मला वाटलं असतं मी बरा आहे. मला तसं वाटून घ्यायची फार इच्छा झाली, रत्ना. म्हणून घाईघाईने संपवला."

बैल चालत होते. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तू माझ्यासाठी देवाजवळ काय मागतेस?"

"तुला त्रास कमी व्हावा, म्हणून मागते."

"बरा व्हावा असं नाही मागत?"

"फोटो मी पाहिलाय, दादा."

"देवानेही पाहिला असेल. तरी माग."

वळणावर तो उतरला. मी मागे पाहत राहिले. नदी, बगळे, आणि काठावर पांढरा सदरा, बराच वेळ.

नगरला परतल्यावर वॉर्डात नेहमीची कामं सुरू झाली. आमच्या मोठ्या देवळात पुढच्या प्रभुभोजनाला मी गुडघ्यांवर बसले आणि मागितलं. माझा भाऊ बरा होऊ दे, असं सरळ, लहान मुलाने मागावं तसं. फोटो डोळ्यांपुढे होता, तरी मागितलं. फोटो खोटा ठरेल असं मी स्वतःला सांगितलं नाही, आणि मागणं आवरतंही घेतलं नाही. माझ्या शिकलेल्या डोक्याने मला अडवलं नाही, याचं तेव्हा नवल वाटलं, आता वाटत नाही.

पुढच्या हिवाळ्यात दादा गेला. राहेलमावशी शेवटपर्यंत त्याची भांडी उकळत होत्या, आणि त्यांना कधी खोकला झाला नाही. नंतर कधीतरी तिथं धरण झालं आणि पाणी चढलं. दादाची कबर त्याच्या तळाशी आहे. मागितलेलं मिळालं नाही. पण मी ते मागितलं हे दादाला कळवलं होतं, आणि त्याचं उलट टपाली उत्तर आलं होतं, "आता मला एकट्याला मागावं लागत नाही."