कप्पीला दिलेला लाल रंग

"अरं सर! बाजूला सर!" टॉवरवरून फिटर असा बोंबलला, की डोळखांबच्या रानातली माकडंसुद्धा गप झाली. माझा चुलतभाऊ खाली दोर धरून उभा होता. पाच जणांना न उचलवणारा लोखंडी अँगल कप्पीसकट आला आणि त्याच्या गुडघ्यावर पडला.

तेव्हा आम्ही विजेच्या लाइनीचे टॉवर उभे करायचो. कप्प्यांची देखभाल माझ्याकडे, आणि माझ्या फुशारक्या टॉवरपेक्षा उंच. माझी कप्पी फिरते तेव्हा तिच्यावरून चालणाऱ्या मुंगीच्या पावलांचा तेवढा आवाज येतो, असं मी पार वैशाखरे गावापर्यंत सांगत फिरायचो. दोर पुरवा, माहुलीचा किल्ला उचलून मुरबाडच्या बाजारात ठेवतो!

"आधी घरातला हंडा उचल रे," भाऊ म्हणायचा.

थापा खोट्या, काम मात्र खरं. रोज सकाळी कप्पीचा हुक रॉकेलच्या फडक्यानं पुसायचा, उन्हात धरायचा, वाकणावर नख फिरवायचं. केसाएवढा तडा असला तरी नख अडकतं. अडकलं की हुक बाद.

दसऱ्याला अवजारांची पूजा. त्यासाठी आदल्या दिवशी मी घाईत, नख न फिरवताच कप्प्यांना लाल रंग दिला, हुकांनासुद्धा. नवरीनं लाजावं अशा नटवल्या. मग झेंडूचे हार, हळदकुंकू. दसरा झाल्यावर हार काढले, पण पूजेचं कुंकू रॉकेलनं पुसायला हात धजला नाही. नख तेवढं फिरवलं. गुळगुळीत लागलं. मीच कप्पी वर पाठवली.

हुक तुटल्यावर आत पाहिलं. अर्ध्यापर्यंत गंजलेला तडा, आणि त्याच्या तोंडाशी भरलेला माझा लाल रंग.

भावाचा पाय मांडीतून काढला. सगळे म्हणाले, नशीब. मीही मान डोलावली. गावभर थापा मारणारी माझी जीभ, पण एवढं एक खरं सांगायला तिला महिना लागला. शेवटी आटगावला त्याच्या ओटीवर जाऊन बसलो आणि हुकाचा तुकडा पुढं ठेवला.

"दादा, तडा व्हता. मी रंगात बुजवला. मला कळला नाय."

त्यानं तुकडा उचलला, उलटा करून बघितला, खाली ठेवला. मग उरलेला पाय जरा लांब केला.

"भात कापायला आलंय," तो म्हणाला. "सकाळी ये."