कपात ठेवलेला घोट

पवारबाई कधी कडी वाजवायच्या नाहीत. जिन्यातूनच ओरडायच्या, "इट्स मी!" की माझ्या कपाळाला आठी. व्याकरणाप्रमाणे "इट इज आय" हवं. शाळेत उभी हयात मी तेच शिकवत आले. एकदा तसं सांगितलं, तर बाई खो खो हसल्या. "अहो कुलकर्णीबाई, तिकडं पाववाला असंच बोलतो, पोस्टमन असंच बोलतो. त्यांना कुणी नापास नाय केलं!"

त्या मूळच्या निफाडकडच्या. यजमान इंग्लंडात बस चालवत, त्यामुळे बाईंची बरीच वर्षं तिकडे गेली. नव्वदच्या सुमारास दोघं नाशिकला परतली आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली. इंग्रजी त्या बाजारात आणि शेजारणींकडून शिकल्या होत्या. नियम एक ठाऊक नाही, पण बोलायला लागल्या की थांबत नसत. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मला सगळे नियम पाठ, पण गोऱ्या माणसाशी बोलायची वेळ जन्मात आली नव्हती.

माझी मीनल तेव्हा आठवीत. माझ्यापुढे इंग्रजी बोलताना ती आधी मनात वाक्य जुळवायची आणि मग माझ्या बोटाकडे बघायची. चूक झाली की बोट वर. हळूहळू ती माझ्याशी मराठीतही मोजकंच बोलायला लागली. संध्याकाळ झाली की मात्र वर पळायची. पवारबाईंकडे नियम एकच: "चहा संपेस्तोवर कुणी कुणाला सुधरायचं नाय." मग काय, कार्टी कपात एक घोट ठेवूनच द्यायची! मैत्रिणींची भांडणं, शाळेतली गुपितं, सगळं त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत वर सांगून व्हायचं आणि खाली माझ्या स्वयंपाकघरात फक्त हसणं ऐकू यायचं. पोर माझ्या पोटची आणि गप्पा त्यांच्याशी! असा संताप यायचा, काय सांगू.

एकदा वर गेलेच. "माझ्या मुलीचं इंग्रजी बिघडवताय तुम्ही."

पवारबाईंनी चहा पुढे केला. "बिघडू द्या हो. पेपर लिहायला तुमचं हायेच की. बोलायला माझं घेऊ द्या."

मी तो चहा उभ्यानेच एका दमात संपवला आणि खाली आले.

पुढे मीनल बंगळूरला नोकरीला लागली. दिवसभर परदेशातल्या लोकांशी फोनवर बोलायची. सुट्टीला आली की बॅग माझ्याकडे टाकून आधी वर.

काही वर्षांनी पवारबाई गेल्या. मीनल आली, वर जाऊन आली आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी चहा केला. ती रडत रडत बोलू लागली, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. नकोशी झालेली नोकरी, ठरता ठरता मोडलेलं लग्न, मला ठाऊकच नसलेलं कितीतरी. माझं बोट शिवशिवलं. मी कप दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.

बोलता बोलता मीनलने कप खाली ठेवला. तळाशी घोटभर चहा उरला होता. त्यावर साय धरली तरी तिने तो प्यायला नाही, आणि मीही कप उचलला नाही. तो घोट तिने माझ्यासाठी ठेवला होता की पवारबाईंच्या आठवणीने, हे विचारायचा धीर मला झाला नाही. ती मेल्यावरसुद्धा जळते मी त्या बाईवर.