शाल आणि किल्ली

कुंभकोणमात आम्हा मराठी घरांची एक छोटी संस्था आहे. जवळच्या साक्कोट्टै गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना आम्ही संस्थेच्या स्वयंपाकघरातून रोज दुपारचे डबे पोचवतो. आम्ही म्हणजे गेली कित्येक वर्षं मीच. समितीत सगळे एकमेकांचे व्याही नाहीतर साडू. त्यामुळे ‘उद्यापासून हे तुम्ही बघा’ असं कुणी कुणाला म्हणत नाही. नात्यात वाईटपणा कोण घेणार?

यंदा गुडघे फारच बोलायला लागले, तेव्हा मी राजीनामा दिला. कुणी अडवलं नाही. उलट इथल्या रीतीप्रमाणे जरीची शाल आली, हार आला, भाषणं झाली. आमचे अध्यक्ष म्हणजे माझ्या बायकोचे मामा. माझ्या सेवेबद्दल बोलताना ते गहिवरले. मग कॉफी पिऊन सगळे आपापल्या घरी गेले.

संस्था चालवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. आधी स्वयंपाकघराची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या, शाल नंतर घ्या. माझी किल्ली शालीखाली खिशातच राहिली. ती कुणी मागितलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. “जावईबापू, साक्कोट्टैचे डबे निघाले ना?”

“निघाले,” मी म्हणालो. डबे माझ्या गाडीच्या मागच्या सीटवरच होते.