उपडा कप

बहरीनच्या हमद टाउनमधल्या आमच्या घरात सकाळी खिडकी उघडली की आधी ओलसर, खारट, कोमट हवा अंगावर येते आणि तिच्या पाठोपाठ कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या भाजत्या रोटीचा वास. समुद्र इथून दिसत नाही, तो नुसता हवेतून जाणवतो. अशा सकाळी मला हटकून तो दुसरा समुद्र आठवतो, इटलीतल्या एका लहानशा गावाच्या पायाशी पसरलेला, निळाशार आणि गंभीर. आणि त्याच्याकडे तोंड करून उभं असलेलं मोजक्या खोल्यांचं ते हॉटेल! हिरव्या झडपांच्या खिडक्या, अंगणात फळांनी लवलेली लिंबाची झाडं, आणि जिना इतका अरुंद की आधी बॅग न्यावी की आधी आपण जावं, असा प्रश्न पडावा. इथल्या हूरा भागातली उंच, काचेची हॉटेलं मी ऑफिसला जातायेता पाहते, पण त्यांच्यात पाहुणी होऊन राहावं असं मला कधी वाटलं नाही. तिथे मात्र पायरीवर पाय ठेवताच आपण कुणाच्या तरी घरी आल्यासारखं वाटलं.

बरोबर आई होती. परभणीकडच्या खेड्यात जन्म गेलेली, दुसऱ्यांच्या शेतात राबून मला शिकवणारी आणि आता बहरीनमध्ये माझ्यापाशी राहणारी माझी आई. साठवलेली लिव्ह आणि तिचा व्हिसा एकदाचा जुळून आला, तेव्हा मी ठरवलं की तिला अशा जागी न्यायचं, जिथे ती नुसती बसेल आणि दुसरं कुणीतरी तिच्यापुढे चहा आणून ठेवील. यात थोडी मिजास होती. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली मुलगी आपल्या आईला इटली दाखवते, हे मला मिरवायचं होतं. का मिरवू नये?

हॉटेलची मालकीण रोझा, आईच्याच वयाची. आईनं पहिल्याच दिवशी तिला ‘रोजाबाई’ करून टाकलं. सकाळचा नाश्ता रोझा स्वतः आणी: गरम पाव, जर्दाळूचा मुरंबा आणि निळ्या काठाच्या रुंद कपात दुधाळ कॉफी. आईला कॉफी आवडली, पावाचा तुकडा बुडवून ती चवीनं खाई, समुद्राकडे बघत राही. आणि मग, ज्याची मला धास्ती होती तेच होई. रिकामा कप पदराआड धरून ती खोलीत जाई, बेसिनमध्ये तो धुई, पदरानं पुसून खाली आणी आणि टेबलाच्या अगदी कडेला उपडा ठेवून देई.

ही सवय कुठली, हे मला ठाऊक होतं. आम्ही बौद्ध झालो, पण गावाच्या लेखी आमची जुनी जात कुठे पुसली गेली होती? आईच्या लहानपणी मालकाच्या दाराबाहेरच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असे. चहा त्यात वरून ओतला जाई, आणि पिऊन झाल्यावर तो आपणच धुऊन कोनाड्यात उपडा ठेवायचा. कोनाडा गेला, मालक गेला, गावही मागे राहिलं, पण हात ते विसरले नाहीत. बहरीनमध्येही ती ज्याच्या घरी जाई तिथे कप धुऊन ठेवी, आणि लोक कौतुकानं म्हणत की काकू किती टापटिपीच्या! माणसाच्या अंगात मुरलेली जखम लोकांना शिस्त वाटावी, याहून क्रूर गंमत कोणती असेल?

रोझानं दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या सकाळी तिनं मला बाजूला घेतलं आणि मोबाइलवरच्या भाषांतराच्या मदतीनं विचारलं, माझे कप तुझ्या आईला अस्वच्छ वाटतात का? तिचा चेहरा उतरला होता, ते कप तिच्या आईचे होते. मला खोटं बोलता आलं असतं. मी सगळं खरं सांगितलं. फोननं त्या कोनाड्याचं इटालियनमध्ये काय केलं असेल कोण जाणे, पण रोझानं ते पुन्हा एकदा वाचलं. मग ती आत गेली, दोन सारखे कप भरून आणले, आईसमोर खुर्ची ओढून बसली आणि कॉफी पिऊ लागली. पिऊन झाल्यावर आईचा हात कपाकडे गेला. रोझानं त्या हातावर आपला हात ठेवला, दोन्ही कप एकात एक घातले आणि उचलून नेले.

आई पाठमोऱ्या रोझाकडे बघत राहिली. उरलेल्या सकाळी तिनं एकदाही कप धुतला नाही. मला अभिमान वाटला, पण मनाच्या तळाशी एक शंका राहिलीच: समुद्रापार आपली जात कुणाला ठाऊक आहे? तिथे कप ठेवून उठणं सोपं. कठीण जागा आपल्या माणसांतच असते.

बहरीनला परतल्यावर एका शुक्रवारी आम्ही ईसा टाउनला वैशालीताईंकडे गेलो. त्या पुण्याच्या, यजमान बँकेत, माणसं सज्जन. याआधीच्या भेटींत आईनं त्यांच्याकडेही कप धुऊन ठेवला होता. मुलांच्या शाळेच्या, सुट्टीच्या गप्पा झाल्या, चहा झाला. आईनं कप खाली ठेवला. नजर माझी तिच्या हातांवर. ती उठली नाही. वैशालीताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि अगदी सहज, कसलाही डाव मनात न ठेवता, म्हणाल्या, “काकू, सिंक उजव्या हाताला आहे हं.”

मी उठणार होते, तिच्याऐवजी मी कप उचलणार होते.

“ठावं हाय मला,” आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. “चहा लई चांगला झाला, ताई. कप ऱ्हाऊ द्या तिथंच.”

वैशालीताई थोड्या गोंधळल्या, मग ओशाळून लाल झाल्या. काय समजलं त्यांना, किती समजलं, मी विचारलं नाही. त्यांनी आपला आणि आईचा कप एकाच ट्रेमध्ये ठेवला आणि आत नेला. आतून नळाचा आवाज येऊ लागला. आईनं पाय वर घेतले आणि सोफ्यावर ऐसपैस मांडी घालून बसली.