आबांची यंदाची कोकिळा

मंडळी, आज मी सख्ख्या बापाची चोरी पकडायला गेले.

उन्हाळ्यात ज्याला पहिल्यांदा कोकिळा ऐकू येईल त्यानं आवाज रेकॉर्ड करून घरच्या ग्रुपवर टाकायचा, ही आमची दरसालची रीत. आज कंधारहून आबांनी टाकला. सगळ्यांनी अंगठे दिले. मला मात्र त्यात आमची शेळी ओरडताना ऐकू आली. शेळी तर दिवाळीतच विकली!

लगेच फोन लावला. "आबा, हे मागच्या सालचं हाय ना?"

ते ओशाळले. "काय करू बाई, यंदा ती बोललीच न्हाई. अंगणात बसून लई वाट बघून राहिलो."

आणि त्यांच्या मागं, फोनमधून, कोकिळा जीव तोडून ओरडत होती.

आता तुम्हीच सांगा, कसं सांगू त्यांना?