सरांची मुलगी कुठल्या शाळेत?
नातीच्या वह्यांना कव्हर घालताना खळीचा वास आला आणि सिल्वासातला तो जून आठवला. आमचे हे तिथं जवळच मसाट गावच्या कारखान्यात होते. मुलीला आठवीत घालायचं होतं, तिला मराठी, गुजराती दोन्ही भाषा यायच्या. सरकारी हायस्कुलं दोन, एक गुजराती, एक मराठी. गुजरातीत प्रयोगशाळा, कपाटभर पुस्तकं. मराठीत फळासुद्धा भेगाळलेला. तरी मराठी शाळेचे सर 'मुलीला आमच्याकडेच घाला' म्हणत तिसऱ्यांदा आपणहून घरी आले, तेव्हा मला संशय आलाच बाई! चहा देताना विचारलं, "सर, तुमची मुलगी कुठं शिकते?" त्यांनी कप खाली ठेवला. "गुजरातीत, वहिनी. इथं मुलं कमी पडली तर वर्ग बंद होईल, माझी बदली होईल." म्हटलं, माणूस निदान खरं बोलला, आणि मुलीला त्यांच्याच वर्गात घातलं. आज ती स्वतः शिकवते. तरी वाटतं, ते खरं बोलणं हाच तर त्यांचा डाव नव्हता ना?